तळघरातला डबा आणि 34 डॉलरचं बिल

प्रश्न: आम्ही एडिसन, न्यू जर्सीला असतो. घरच्या फोनचं बिल महिना 34 डॉलर येतं. तळघरात लिंकसिसचा जुना पीएपी2टी अडॅप्टर (साधा फोन इंटरनेटवर चालवणारा डबा) पडून आहे. मुलगा म्हणतो, तो लावला तर फोन फुकटात पडेल. फोन मुख्यतः सासूबाई वापरतात, वय 84. करावं का?

उत्तर: करा, पण फुकटाचा नाद सोडा.

2009 मध्ये व्होनेज या इंटरनेट-फोन कंपनीने पंचवीस डॉलरमध्ये भारतासह साठेक देशांना हवे तितके कॉल देऊ केले, तेव्हा आपल्या कितीतरी घरांत असे डबे आले. आता सांगली-पुण्याशी बोलणं व्हॉट्सॲपवर होतं. म्हणजे तुमची ही लाइन आहे ती फक्त सासूबाईंसाठी. त्यांच्या बोलण्याला अनलिमिटेड प्लॅन कशाला? मिनिटाला सेंटभर घेणारी प्रीपेड एसआयपी सेवा, म्हणजे इंटरनेटवरून चालणारा फोन, पुरते. नंबरचं भाडं, 911 या आपत्कालीन नंबरचा आकार आणि तीन-चारशे मिनिटं धरून महिना आठ-दहा डॉलर होतील. वर्षाला तीनशेच्या आसपास वाचतात.

मुलाच्या डोक्यात बहुधा गूगल व्हॉइस, म्हणजे गूगलची फुकट इंटरनेट-फोन सेवा, आहे. त्यावरून 911 लागत नाही. घरात 84 वर्षांचं माणूस असताना तो पर्याय मी विचारातही घेणार नाही. ई911 (911 लावलं की नोंदलेला पत्ता तिथे कळवणारी सोय) देणारी सेवाच घ्या, तिथे घरचा पत्ता नोंदवा. बऱ्याच कंपन्यांकडे 933 फिरवलं की नोंदलेला पत्ता ऐकू येतो, तो सासूबाईंच्याच फोनवरून तपासा. वीज गेली की मोडेम आणि डबा दोन्ही बंद पडतात, तेव्हा छोटा यूपीएस लागेल. त्यांच्या गळ्यात इमर्जन्सी बटण असेल आणि ते याच लाइनवर चालत असेल, तर आधी त्या कंपनीला विचारा. ती नाही म्हणाली तर हा विषय तिथेच संपला.

पैसे खर्च करण्याआधी डबा चालतो का ते बघा. स्टिकरवर मॉडेलपुढे ‘एनए’ असेल तर तो सहसा एकाच कंपनीच्या सेवेला बांधलेला नसतो. त्याला 5 व्होल्टचाच चार्जर लागतो. ड्रॉवरमधला 12 व्होल्टचा लावलात तर डबा जळेल. साधा फोन जोडा, चार वेळा स्टार दाबा, मग 110 आणि हॅश. आतून आवाज आयपी पत्ता वाचून दाखवेल. नाहीच बोलला तर नवा अडॅप्टर पन्नासेक डॉलरला मिळतो. दोन महिन्यांत वसूल.

जुन्या डब्याला सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. कुणी पासवर्ड चोरून परदेशी कॉल लावले तर भुर्दंड तुम्हाला. म्हणून खात्यात पंधरा-वीस डॉलरच ठेवा, ऑटो-रिचार्ज बंद, इंटरनॅशनल कॉल बंद. (माझ्या एका क्लायंटने ऑटो-रिचार्ज चालू ठेवला होता. एका रात्रीत दोनशे डॉलर गेले.)

आता खरी मेख. फोन इंटरनेटच्या पॅकेजमध्ये असेल, तर तो काढल्यावर इंटरनेटचा दर वाढू शकतो. मग 34 वाचतात कुठे? नवा दर आधी लेखी मागवा. तो ठीक वाटला की जुना नंबर नव्या सेवेकडे नेायला, म्हणजे पोर्ट करायला टाका. आणि पोर्ट पूर्ण होईपर्यंत जुनी सेवा बंद करू नका, नाहीतर सासूबाईंच्या मैत्रिणींना पाठ असलेला नंबर जाईल.