पुण्याच्या मॉलची ऑर्डर घ्यावी का? (सांगलीच्या एका भडंगवाल्याचं लांबलेलं उत्तर)

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. कराडात सासूबाईंच्या हाताची शेंगदाण्याची चटणी आणि कांदा-लसूण मसाला, पाच वर्षांत जमवलेली चाळीसेक दुकानं, आणि आता पुण्याच्या एका मोठ्या साखळी दुकानाकडून बावीस शाखांसाठी आलेलं बोलावणं. "ऑर्डर घ्यावी का, आणि ब्रँडिंगला किती पैसे काढून ठेवावेत?" असं विचारलंय. खाली सगळ्यांनी अभिनंदन केलंय. मी करत नाही, राग मानू नका. चटणीच्या जागी भडंग आणि कराडच्या जागी सांगली टाकली तर ही पोस्ट २०१८ साली मीच लिहिली असती.

फूड लायसन्स, पाकिटावरचा मजकूर, बारकोड हे झालेलं असणार म्हणून सोडतो. ट्रेडमार्क राहिला असेल तर मात्र आधी तो अर्ज करा. ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग ठरलेले असतात, तुमच्या दोन्ही वस्तू बहुधा ३० व्या वर्गात येतील, छोट्या उद्योगाला ऑनलाइन सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. अर्ज स्वतःच्या किंवा फर्मच्या नावावर करा. "आम्हीच करून देतो" म्हणणाऱ्या वितरकाच्या नावावर चुकूनही नको.

आता माझं रामायण.

आमची २०० ग्रॅमची पिशवी, एमआरपी ६० रुपये. सांगली-मिरजेत सत्तर दुकानं. दुकानदाराला १५ टक्के, म्हणजे ५१ रुपये माझ्याकडे. त्यातला १२ टक्के जीएसटी काढला की साडेपंचेचाळीस, टेम्पोचा दीड रुपया गेला की ४४. पिशवी मला ३१ ला पडायची. तेरा रुपये सुटत होते आणि मी सुखात होतो, फक्त ते तेव्हा कळत नव्हतं.

साखळीचं मार्जिन एमआरपीवर २८ टक्के. १६ रुपये ८० पैसे तिथेच गेले. उरलेल्या ४३.२० मधून जीएसटी काढला की ३८.५७. पुण्याचं गाडीभाडं, मांडणीचे पैसे आणि परत येणाऱ्या मालाची तरतूद मिळून साडेपाच रुपये. हातात ३३. म्हणजे पिशवीमागे दोन रुपये, तेही पैसे वेळेवर आले तर. (आमचा सीए भडंग नमकीनमध्ये धरतो. तो दर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झालाय, त्यामुळे आज आकडे थोडे बरे दिसतील. तुमच्या चटणीचा दर तुमच्या सीएला विचारा, मी सीए नाही.)

हा हिशेब मी सही करण्याआधी मांडला नव्हता. सही केल्यावर मांडला. आणि दोनाचे चार कसे होतील याचा विचार करत बसलो, तिथे माझी खरी चूक झाली.

भडंगाची फोडणी आम्ही शेंगदाणा तेलात करायचो. पामतेल घेतलं तर पिशवीमागे पावणेदोन रुपये वाचत होते. आमच्याकडे कढईवर एक आक्का होत्या, चौदा वर्षं तेच काम. त्या म्हणाल्या, "मालक, ह्या तेलात लसणाचा वास धरंना. चुरमुऱ्याला तेल लागतंय, पर चव बसत न्हाई." मी म्हणालो, "आक्का, तुम्ही कढई बघा, बाजार मी बघतो." हे वाक्य मला आजही रात्री आठवतं. आधी ठरवलं होतं, पुण्याच्या मालापुरतं पामतेल आणि सांगलीला जुनंच. पुणेकरांना काय कळतंय, असा माज होता. (पुणेकरांनो, माफ करा. तुम्हाला कळलं होतं, तुम्ही फक्त बोलला नाहीत, दुसऱ्यांदा पिशवी घेतली नाहीत.)

मग ऑगस्ट २०१९ चा पूर. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं. आमच्या गोडाऊनमध्ये कमरेएवढं पाणी, चुरमुऱ्याची साठ पोती गेली. आठ दिवस रस्ते बंद. नवव्या दिवशी मोबाइलला रेंज आली आणि पहिला मेल दिसला तो साखळीच्या पुरवठा विभागाचा: आपला फिल रेट (म्हणजे मागितलेल्या मालातला पोचलेला माल) ४१ टक्के, करारानुसार दंड आकारण्यात येत आहे. मी पाण्यातल्या गोडाऊनचे फोटो पाठवले. उत्तर आलं की नैसर्गिक आपत्तीचा अर्ज सात दिवसांच्या आत लेटरहेडवर सही-शिक्क्यासह द्यावा. लेटरहेडचा गठ्ठा टेबलाच्या खालच्या कप्प्यात होता, म्हणजे कृष्णेतच. सुकवून पाहिला, कागद सुटेनात.

दंड वाढू नये म्हणून पुरानंतर एकच कढई सुरू झाली, तिचा माल मी आधी पुण्याला धाडला. दोन तेलं सांभाळायचा वैताग नको म्हणून सगळीकडेच पामतेल केलं. सांगलीच्या दुकानांत पंधरा-वीस दिवस आमची पिशवीच नव्हती, आणि आली ती ही अशी.

विश्रामबागेत एक दुकानदार आहेत. गल्ल्यावर बसल्या बसल्या दुपारी आमचंच भडंग वाटीत घेऊन कांदा-कोथिंबीर घालून खायचे. मी वसुलीला गेलो तर वाटी समोर होती, पण पिशवी दुसऱ्याची. मी बघतोय हे त्यांनी बघितलं. म्हणाले, "शेठ, तेल बदललंय का वो? बायका पिशवी उचलून परत ठेवाय लागल्यात." मी म्हणालो, "नाही हो, पुरामुळे चुरमुरे जरा वेगळे आलेत." धडधडीत खोटं बोललो. आठ महिन्यांत सत्तरची एकतीस दुकानं झाली.

पुण्याचं काय झालं? शाखांमध्ये माल गेला की आमच्या सेल्समनला कमिशन मिळायचं. ही अक्कल माझीच. मग तो कशाला बघेल पिशवी घरी जातेय का मांडणीवर धूळ खातेय. तो कोंबत राहिला, मी ऑर्डरचे आकडे बघून पेढे वाटले. चार महिन्यांनी टेम्पो भरून माल परत आला, "एकावर एक"चे स्टिकर लावलेला, सादळलेला. ती स्कीम मला न विचारता लावलेली, आणि तिची डेबिट नोट, म्हणजे बिलातून कापायची रक्कम, माझ्याच नावाने.

पैशांसाठी तीन वेळा पुण्याला गेलो. पहाटे निघायचं, खंबाटकीत ट्रकमागे अडकायचं, अकराला त्यांच्या हिशेब खात्यात पोचायचं, गळ्यात व्हिजिटरचा बिल्ला अडकवून सोफ्यावर बसायचं. दोन वाजता एक मुलगा यायचा, वागायला चांगला, दर वेळी वेगळा. "सर, तुमचा जीआरएन सिस्टिमला दिसत नाही." म्हणजे त्यांच्याच गोडाऊनने माल उतरवून घेतल्याची नोंद त्यांच्याच संगणकात नाही, आणि ती शोधायची मी. माझ्याकडे शिक्का मारलेलं चलन होतं. "सर, चलन चालत नाही, मेल करा." मेल केला की तिकीट नंबर यायचा. असे चौदा तिकीट नंबर माझ्या डायरीत आहेत. ३ लाख ४० हजारांतले हातात आले १ लाख ९०, बाकीचे दंड, स्कीम आणि डॅमेजमध्ये जिरले. सगळ्याच साखळ्या अशा असतात असं मी म्हणत नाही. माझ्या ओळखीत दोघं-तिघं एका दुसऱ्या साखळीत व्यवस्थित आहेत.

त्या वेळी माझी चूक कागदाचीही होती. तेव्हा छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीला उद्योग आधार म्हणायचे, मी काढलंच नव्हतं. आता त्याच्या जागी उद्यम रजिस्ट्रेशन आहे, तुमचं नसेल तर काढा, फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आता तर आयकरातही नियम आलाय (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)): मुदत चुकली तर माल घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी उत्पन्नातून वजा मिळतो. त्यामुळे मोठ्या साखळ्यांची हिशेब खातीसुद्धा मार्चमध्ये अचानक गोड बोलायला लागतात. प्रत्येक बिलावर उद्यम नंबर छापा. भांडायला जायची वेळ आली तर वकिलाला विचारा, मी काही त्यातला जाणकार नाही.

ब्रँडिंगला किती, हा तुमचा दुसरा प्रश्न. कोल्हापूर रोडवर मी सहा महिने होर्डिंग लावलं होतं, त्यावर माझाच फोटो. लग्नात लोक "तुमचा बोर्ड बघितला" म्हणायचे, भडंग खाल्लं असं कुणी म्हणालं नाही. आपल्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे, १९१० ची. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घेईनात, लोखंडानं जमीन नासते म्हणायचे. तो समज हटेपर्यंत धीर धरावा लागला. आपल्याला आठ दिवसांत रील चालली नाही की एजन्सी बदलायची असते. निरमाचं उदाहरण सगळे देतात, १९६९ मध्ये करसनभाई सायकलवर पावडर विकायचे वगैरे. पण व्यापारात सांगतात तो पुढचा भाग कुणी सांगत नाही: दुकानदारांकडे उधारी थकली तेव्हा त्यांनी माल बाजारातून उचलला, टीव्हीवर जाहिरात जोरात चालवली, आणि गिऱ्हाईक दुकानात विचारायला लागल्यावर मग माल दिला. गिऱ्हाईक नावानं मागायला लागलं की दुकानदार आपण होऊन जागा देतो. मागणी नसताना पैसे मोजून घेतलेली जागा म्हणजे भाड्याची खोली.

मी सावरलो ते एका उचललेल्या युक्तीवर. चिक शाम्पूवाल्यांनी एके काळी रिकाम्या पुड्या परत आणणाऱ्याला भरलेली पुडी फुकट दिली होती. मी दहा रुपयांची छोटी पिशवी काढली, शेंगदाणा तेलातली, आणि पाच रिकाम्या पिशव्यांवर एक फुकट. एसटी स्टँडजवळची दोन दुकानं आणि कॉलेजसमोरचा एक गाडा, एवढ्यावर सुरू केलं. रिकाम्या पिशव्या मोजल्या की माल पोटात गेला का मांडणीवर बसलाय हे कळतं. सेल्समनचं कमिशनही बदललं: पहिल्या ऑर्डरला काही नाही, दुसऱ्या ऑर्डरला आणि वसुलीला. जुन्या पोराने महिन्याभरात नोकरी सोडली, नवा मुलगा दुकानात जाऊन पिशव्यांवरची तारीख बघतो. आणि फोडणीतला कुठलाही बदल आक्कांनी चाखल्याशिवाय होत नाही. त्या आता कढईवर नसतात, गुडघे गेलेत, पण वाटी त्यांच्या घरी जाते.

जाता जाता एक. तुमच्या फोटोत चटणी पारदर्शक बरणीत आहे. दिसायला छान, पण शेंगदाण्याच्या तेलाला उजेड आणि हवा दोन्ही बाधतात, मॉलच्या दिव्याखाली खवट वास लवकर धरेल. आतून चंदेरी असते ती पिशवी घ्या, जमलं तर नायट्रोजन भरून. सासूबाई म्हणत असतील की आमची चटणी तीन महिने टिकते, तर ती त्यांच्या फडताळात टिकते.

मग ऑर्डर घ्यावी का? माझं मत, चुकीचंही असेल: बावीस नको, तीन शाखा मागा. पुण्यात कराड-साताऱ्याकडची माणसं जिथे जास्त राहतात त्या. परत येणाऱ्या मालाची मर्यादा आणि तुम्हाला विचारल्याशिवाय स्कीम नाही, या दोन ओळी करारात लेखी घ्या. तीन शाखांना ते नाही म्हणाले तर सोडून द्या, तुमची चाळीस दुकानं कुठे पळून चालली नाहीत. पोस्टमध्ये तुम्ही एमआरपी आणि एका पिशवीचा खर्च लिहिलेला नाही. तो इथे टाका किंवा मला मेसेज करा, वरच्यासारखा हिशेब मांडून देतो. सही मात्र त्यानंतर करा.