कॅरिबियन समुद्रातल्या हैती या देशात २०१० च्या भूकंपानंतर शाळा बांधायला परदेशी चर्च का? सरकार का नाही?

कारण हैतीत बहुतेक शाळा सरकारी नाहीतच. फार मोठा वाटा खासगी शाळांचा, आणि त्यातल्या कितीतरी कॅथलिक, एपिस्कोपल, मेथडिस्ट अशा चर्चच्या. १२ जानेवारी २०१० च्या ७.० क्षमतेच्या भूकंपात लेओगान शहर आणि राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स या भागातल्या शाळा कोसळल्या, तेव्हा सरकारच्या इमारतीही ढिगाऱ्यात होत्या. राष्ट्रपती भवनसुद्धा!

अमेरिकेतली अनेक चर्च हैतीतल्या एकेका शाळेशी आधीपासूनच जोडलेली होती. शिक्षकांचे पगार, मुलांचं दुपारचं जेवण यासाठी ती नेमाने पैसे पाठवत. त्यामुळे भूकंपानंतर कोणाला फोन करायचा हे त्यांना शोधावं लागलं नाही. माझ्या मते खरा फायदा हाच.

पण नुसती माया पुरत नाही. पडझडीचं मोठं कारण निकृष्ट बांधकाम होतं: कमी सिमेंटच्या विटा, अपुरं लोखंड, वर जड स्लॅब. हौशी स्वयंसेवकांनी सुट्टीत येऊन भिंती रचल्या तर तोच धोका पुन्हा. म्हणून कॅथलिक बिशपांनी 'प्रोश' नावाची यंत्रणा उभी केली. आराखडा अभियंत्यांकडून तपासायचा आणि कामावर देखरेख ठेवायची, हे तिचं काम.

कोनशिलेसाठी देणगी लवकर जमते, पगारासाठी नाही. अशा प्रकल्पाला पैसे देणार असाल तर आधी विचारा: जमीन कोणाच्या नावावर आहे आणि इमारत झाल्यावर शिक्षकांना पगार कोण देणार?