पहाटेच्या बंडीवर आदल्या दिवसाची तारीख

प्रश्न : ताई, पांढरकवड्याजवळ आमचं कापसाचं जिनिंग आहे. काट्यावरचा पावतीचा प्रोग्राम मायएसक्यूएल ८ या डेटाबेसवर चालतो. पहाटे चारला बंडी मोजली, की पावतीवर आदल्या रात्रीचे साडेदहा येतात. ‘सेट ग्लोबल टाइम_झोन’ने +०५:३०, म्हणजे भारताची वेळ, दिलं, तरी पावती तशीच. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम उघडला तर वेळ बरोबर! मग रात्री लाइन गेली, आली, अन् पुन्हा तेच. काय चुकलं?

उत्तर : भाऊ, हुकूम बरोबर होता, पण तो कुठवर पोचतो हे पाहायला हवं. डेटाबेसचा सर्व्हर सुरू होताना फाइलमधून टाइम झोनची किंमत वाचतो, ती ग्लोबल. प्रोग्राम जोडला जातो त्या क्षणी ग्लोबलची नक्कल घेतो. ती त्याची सेशन. तुमचा प्रोग्राम आधीपासून जोडलेला होता, म्हणून जुनीच नक्कल धरून बसला. दुसऱ्या दिवशी नव्याने जोडला गेला, तेव्हा सुधारली. ग्लोबल मात्र मेमरीतच होती, ती लाइनीबरोबर गेली. ‘सिलेक्ट @@ग्लोबल.टाइम_झोन, @@सेशन.टाइम_झोन’ चालवलं की दोन्ही किमती शेजारी दिसतात.

साडेपाच तासांचा फरक म्हणजे सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, आहे. बहुधा माय.आयएनआय या सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘डिफॉल्ट-टाइम-झोन’ची ओळ कुणीतरी ‘+००:००’ करून ठेवली असेल. तिथेच ‘+०५:३०’ करा. आवृत्ती ८ मध्ये ‘सेट पर्सिस्ट’ या हुकुमानेही किंमत टिकते, पण ती डेटा फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलीत लिहिली जाते आणि माय.आयएनआयनंतर वाचली जाते. उद्या दुसरा माणूस माय.आयएनआय बदलत बसेल आणि काहीच बदलणार नाही. म्हणून मी एकाच जागी लिहिते.

जुन्या पावत्यांचं मला जास्त वाटतं. माझ्या बाबांच्या कापसाच्या पावतीवर एकदा असाच आदला दिवस पडला आणि आदल्या दिवसाचा कमी भाव लागला. तुमच्या टेबलात वेळेचा रकाना ‘टाइमस्टॅम्प’ प्रकारचा असेल, तर आत यूटीसीच साठलेली असते. सेशन सुधारली की जुन्या वेळाही बरोबर दिसतील. ‘डेटटाइम’ असेल, तर जे लिहिलं तेच राहतं. मग बॅकअप घेऊन फक्त चुकलेल्या काळातल्या नोंदींत साडेपाच तास मिळवा. सुधारल्या दिवसाच्या नोंदी वगळा, नाहीतर त्या पुढे सरकतील. पहाटे साडेपाचच्या आधी मोजलेल्या बंड्यांचा भाव वेगळा काढून तपासा, आणि ज्याचे पैसे कमी गेले त्याला बोलावून द्या.

फाइल बदलल्यावर सर्व्हर मुद्दाम बंद-चालू करा, प्रोग्राम नव्याने उघडा आणि पहिली बंडी काट्यावर चढायच्या आधी एक कोरी पावती काढून पाहा.