युरोपात बास्केटबॉल खेळायला निघालेला मुलगा

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. मुलगा न्यू जर्सीतच जन्मला-वाढला, डिव्हिजन टूच्या, म्हणजे अमेरिकी कॉलेज खेळांच्या दुसऱ्या पातळीच्या, संघात चार वर्षं पॉइंट गार्ड (संघाची चाल रचणारा खेळाडू) म्हणून खेळला आणि येत्या मे महिन्यात अकाउंटिंगची पदवी घेईल. एका एजंटाने जर्मनीतल्या तिसऱ्या श्रेणीच्या क्लबचं बोलणं आणलंय: महिना हजार युरो आणि राहायला जागा. ‘फायलीच्या खर्चासाठी’ त्याने तुमच्याकडे आगाऊ पैसेही मागितलेत. तुमचा प्रश्न असा, की एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं, दार बंदच असेल तर ही वर्षं वाया जाणार नाहीत का, आणि पुण्याच्या नातेवाइकांना काय सांगायचं?

नातेवाइकांना सांगा, मुलाला जर्मनीत नोकरी लागतेय. ती नोकरीच आहे, आणि तिच्याकडे नोकरी म्हणूनच बघावं असं मला मनापासून वाटतं.

एनबीएचा हिशेब लहान आहे. ३० संघ, प्रत्येकी १५ नियमित आणि ३ टू-वे करार (एनबीए आणि तिची दुय्यम लीग यांत ये-जा करणारे). सगळे मिळून साडेपाचशेही जागा नाहीत, आणि त्यांवर जगभरातून दावेदार येतात. वरच्या पातळीची, म्हणजे डिव्हिजन वनची, कॉलेजंच साडेतीनशेच्या वर. तिथून बाहेर पडणारी बहुतेक मुलं खेळायचं म्हटलं की इटली, तुर्कस्तान, इस्राएल, जपान, तैवान अशी पांगतात. तुमच्या मुलाची चढाओढ या मुलांशी आहे, हे त्याला स्पष्ट सांगायला हवं. डिव्हिजन टूच्या गार्डला पहिल्याच वर्षी स्पेन किंवा तुर्कस्तानच्या वरच्या लीगमधून बोलावणं येणं फार दुर्मीळ. महिना हजार-दीड हजार युरो आणि घर, ही सुरुवात नेहमीची आहे. त्यात कमीपणा नाही.

काइल हाइन्सचं नाव त्याला माहीत असेलच, तुम्ही त्याची कारकीर्द जरूर बघा. तुमच्याच न्यू जर्सीतल्या सिकलरव्हिलचा. उंची ६ फूट ६ इंच, आणि खेळायचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळच्या उंच खेळाडूच्या जागी. त्या जागेला ही उंची कमीच. २००८ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कुणी घेतला नाही. इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत वेरोलीला दोन हंगाम काढले, मग जर्मनीत बाम्बर्ग, तिथून ग्रीसचा ऑलिंपियाकोस. २०१२ आणि २०१३ मध्ये युरोलीग, म्हणजे युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा, जिंकली. पुढे सीएसकेए मॉस्कोकडून २०१६ आणि २०१९ मध्ये पुन्हा. शेवटची वर्षं मिलानला खेळून २०२४ मध्ये निवृत्त झाला. एनबीएत एकही सामना न खेळता युरोपातल्या सर्वोत्तम बचावपटूंमध्ये त्याचं नाव घेतात. तुमचा मुलगा हाइन्स होईल असं मी म्हणत नाही, तो डिव्हिजन वनमधून आलेला होता. पण वेरोलीच्या दोन हंगामांत त्याने काय मिळवलं ते पाहा. मैदानावरची मिनिटं, आकडे आणि सामन्यांचे व्हिडिओ मिळवले, आणि त्यावर पुढचा करार मिळाला.

तुमच्या मुलासाठीही पहिल्या वर्षाची खरी कमाई हीच. म्हणून पगारात शंभर युरो वाढवून मागण्याआधी त्याने कोचला थेट विचारावं: मला किती मिनिटं खेळवणार? आधीचा अमेरिकन गार्ड का गेला? परदेशी खेळाडूकडून, म्हणजे ‘इम्पोर्ट’कडून, क्लबला लगेच निकाल हवा असतो. क्रिकेटपटू विनू मंकड इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये हॅस्लिंग्डन क्लबचे प्रो, म्हणजे पैसे देऊन आणलेले खेळाडू, होते, तेव्हा दर शनिवारी गावाची नजर त्यांच्यावरच असणार. इथेही तसंच. चार-पाच सामने खराब गेले की क्लब दुसरा इम्पोर्ट शोधू लागतो. खेळही थोडा बदलेल: कॉलेजमध्ये ३० सेकंदांचं शॉट क्लॉक (चेंडू हाती आल्यावर बास्केटकडे टाकायची मुदत), तिकडे २४. पॉइंट गार्डला हा फरक पहिल्याच सरावात जाणवेल.

आता एजंट. आगाऊ पैसे एक डॉलरही देऊ नका. एजंटाचं कमिशन साधारण दहा टक्क्यांपर्यंत असतं आणि बहुतेक वेळा ते क्लब देतो. एजंटाकडे फिबाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा, परवाना आहे का, हे फिबाच्या यादीत तपासता येतं. जो खेळाडूच्या आईकडे फायलीचा खर्च मागतो, त्याचा धंदा खेळाडू विकण्याचा नसून आई-वडिलांची काळजी विकण्याचा आहे.

करारात मी सगळ्यात आधी वैद्यकीय तपासणीचं कलम वाचतो. पोहोचल्यावर किती दिवसांत तपासणी, कोण करणार, आणि ती झाल्यावर पगाराची हमी आहे की नाही. नंतर दुखापतीचं कलम: गुडघा गेला तर उपचार कुणाचे, पगार चालू राहणार का, परतीचं तिकीट कोण देणार. पगार कर कापून हातात येणारा की कापण्याआधीचा, हेही लिहून हवं. वर्क परमिटशिवाय, पर्यटक म्हणून नव्वद दिवसांत ‘सुरुवात करू’ असं कुणी म्हणालं तर विषय तिथेच संपवा.

पगार थकला तर फिबाचं लवाद न्यायाधिकरण आहे, २००७ पासून. पैसे न देणाऱ्या क्लबवर नवे खेळाडू नोंदवायला बंदी येऊ शकते. मात्र वाद या न्यायाधिकरणाकडे नेण्याचं कलम करारात असावं लागतं, आणि दावा लावण्याचाच खर्च एवढा, की हजार युरोंच्या करारात तो परवडत नाही. अशा लहान करारात खरं संरक्षण एकच: गेल्या दोन हंगामांतले त्या क्लबचे अमेरिकन खेळाडू शोधून त्यांना विचारणं, ‘पगार वेळेवर मिळाला का?’ इन्स्टाग्रामवर ते सापडतात आणि बहुधा मोकळेपणाने बोलतात.

घरच्या बाजूने दोन गोष्टी. वयाच्या २६व्या वर्षापर्यंत तो तुमच्या आरोग्य विम्यावर राहू शकतो, फक्त परदेशातले उपचार त्यात बसतात का ते विचारून घ्या. आणि अमेरिकन नागरिक असल्याने जर्मनीत कमावलं तरी अमेरिकेतले कर विवरणपत्राचे नियम त्याला लागू राहतात. परदेशी उत्पन्नाची मोठी वजावट आहे, तिच्या अटी हा अकाउंटिंगवाला स्वतःच बघेल.

माझं मत विचाराल तर जाऊ द्या. पदवी हातात असेल, वय बावीस, आणि पाय पुढची दहा वर्षं असे राहणार नाहीत. दोन हंगाम ठरवा. दुसऱ्या हंगामानंतर वरच्या श्रेणीतून बोलावणं आलं नाही तर परत. नोकरीची ऑफर आली असेल तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलता येईल का, हे त्याने आत्ताच विचारावं. लहान क्लबात सकाळ-संध्याकाळच्या सरावांच्या मधली दुपार बरीच मोकळी असते. सीपीएच्या, म्हणजे अमेरिकी सनदी लेखापालाच्या परीक्षेच्या, चार पेपरांचा अभ्यास तेव्हा होऊ शकतो. क्लबने मुलांच्या संघाला शिकवायला सांगितलं तर नाही म्हणू नये, मात्र तेही करारात लिहून घ्यावं.

कराराचा मसुदा आला की सहीआधी मला पाठवा. आणि पुढच्या वेळी पत्र तुमच्याऐवजी त्याने लिहावं, मला त्याच्याशी बोलायचंय.