मधुमेह आहे, गांजाही ओढतो. डॉक्टरांना सांगू का?

"सांगितलं तर डॉक्टर झापतील, आणि घरी कळेल." मधुमेह असलेली तरुण मुलं गांजाचा विषय काढतात तेव्हा बहुतेकदा सुरुवात अशीच होते. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "पण त्याने शुगर कमी होते ना? मी वाचलंय."

तेवीस वर्षांचा एक मुलगा असाच आला. त्याला निखिल म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शाळेत असल्यापासून टाइप १ मधुमेह, दंडावर शुगर मोजणारा सेन्सर, इन्सुलिन चालू. शनिवारी रात्री मित्रांसोबत ओढायचा. पहिल्याच भेटीत "सोड" म्हटलं असतं तर तो पुन्हा आला नसता, असं मला वाटतं. मी त्याला मोबाइलवर शनिवार रात्रीचा शुगरचा आलेख उघडायला सांगितलं.

रात्री दहापर्यंत रेघ 140च्या आसपास. मग चढत चढत 320. गांजाने भूक खवळते; बिस्किटं, चिप्स जे हाताला लागलं ते खाल्लं होतं, इन्सुलिन न घेता. एकच्या सुमारास लक्षात आल्यावर अंदाजाने मोठा डोस घेतला आणि थोड्या वेळाने, तो घेतल्याचं विसरून, आणखी एक. पहाटे चारला 54. अलार्म वाजलाच नव्हता, कारण आवाज बंद केलेला.

"त्या वेळी काय होत होतं?"

"घाम आला होता, छाती धडधडत होती, काही सुचत नव्हतं. मला वाटलं, जास्त चढलीये. मित्रही तेच म्हणाले, झोपू दे याला."

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. शुगर 70च्या खाली गेली की धडधड, घाबरेपणा, गोंधळ होतो आणि गांजानेही तेच होतं. अशा वेळी झोपू देणं जिवावर बेतू शकतं. आधी बोटातून रक्त काढून तपासायचं. शुगर कमी असेल आणि गिळता येत असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज द्यायचं आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, तातडीची मदत बोलवावी. निखिलने हे त्या मित्रांना सांगावं, असा मी हट्टच धरला. खाण्याच्या पदार्थांतून घेतलेला गांजा तर आणखी फसवा, कारण परिणाम जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात आणि मग तो कित्येक तास टिकतो.

आता "शुगर कमी होते"बद्दल. गांजा घेणाऱ्यांमध्ये उपाशीपोटी इन्सुलिनची पातळी कमी आढळल्याची सर्वेक्षणं आहेत, पण त्यावरून गांजामुळेच तसं झालं असं ठरत नाही. आणि टाइप १मध्ये चित्र उलटं दिसतं. 2019 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधला, टाइप १ असलेल्या 450 प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गांजा घेणाऱ्यांमध्ये कीटोअॅसिडोसिसचा (इन्सुलिन अपुरं पडून कीटोन नावाची आम्लं रक्तात साचण्याचा, जिवावर बेतू शकणारा प्रकार) धोका सुमारे दुप्पट होता. कारण त्यातूनही सिद्ध होत नाही, पण अमेरिकन डायबिटीस असोसिएशनचा सल्ला स्पष्ट आहे: टाइप १ असलेल्यांनी मौजेसाठी गांजा कोणत्याही स्वरूपात घेऊ नये. माझंही मत तेच आहे, आणि निखिलला मी ते विश्वास बसल्यावर सरळ सांगितलं.

घरी कळण्याची भीती मात्र खरी होती, ती उडवून लावण्यासारखी नव्हती. सज्ञान पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे, हे त्याला माहीतच नव्हतं. त्याच्या डॉक्टरांशी काय बोलायचं ते आम्ही दोन वाक्यांत लिहून काढलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "उलट्या होतात का?"

होत होत्या. सकाळी मळमळ, आणि गरम पाण्याने अंघोळ केली की बरं वाटायचं. त्याने ते पित्त समजून सोडून दिलं होतं. दीर्घकाळ, वरचेवर गांजा घेणाऱ्यांमध्ये असा उलट्यांचा आजार होतो, आणि तेव्हाच निखिलने कबूल केलं की ओढणं फक्त शनिवारपुरतं राहिलेलं नव्हतं. उलट्यांमुळे कीटोन वाढतात, पण अशा काही पेशंटमध्ये रक्ताची आम्लता मात्र वाढलेली नसते. म्हणून टाइप १ असताना उलट्या थांबत नसतील तर कीटोन तपासा, इन्सुलिन पूर्ण बंद करू नका, लगेच दवाखाना गाठा आणि गांजा घेतो हे तिथल्या डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा.