पीएचडी रखडलीय आणि गाइडचा फोन घ्यायची भीती वाटते?

"मॅडम, डेटा आहे, विषय येतो, तरी थीसिस पूर्ण का होत नाही?" रत्नागिरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे इतक्यांदा ऐकलंय की आज लिहूनच टाकते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

ती गुहागरकडची, कॉलेजात शिकवते. खाडीत तिसऱ्या-कालवं (शिंपल्यातली मासळी) काढणाऱ्या बायकांवर काम, साडेपाच वर्षं झालेली, फील्डवर्क कधीच संपलेलं. सरांचा नंबर दिसला की फोन पालथा घालून ठेवायची. गणपतीला मुंबईचे चाकरमानी यायचे, "काय वहिनी, डॉक्टर कधी म्हणायचं?" विचारायचे, की ही मोदकांचं निमित्त करून आतच बसायची.

सुरुवातीला वेळापत्रकं वगैरे केली, उपयोग शून्य. पाचव्या भेटीत मी विचारलं, "तिसरा चॅप्टर का नाही पाठवलास?"

"अजून कच्चा आहे."

"दोन वर्षांपूर्वी पाठवला असतास तर?"

"तेव्हा चालला असता मॅडम. आता एवढा उशीर झालाय म्हटल्यावर भारीच असायला हवा ना."

तेच वाक्य तिला परत म्हणायला लावलं. मग त्यातला 'च' काढून. "भारी असला तर बरं..." म्हणाली आणि गप्पच झाली, बराच वेळ. बाहेर पाऊस चालू होता, मीही काही बोलले नाही. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी जेवढी थांबते तेवढा तो आणखी भारी असायला लागतो. असं तर कधीच व्हायचं नाही."

सावकाराच्या व्याजासारखं आहे हे, आणि व्याज लावणारे आपणच. आळस नव्हताच तिथे, लाज होती. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करते, 'असंच व्हायला हवं' हा हट्टच माणसाला त्रास देतो असं तो म्हणायचा, त्यामुळे हा 'च' माझ्या कानाला लगेच टोचतो. खुद्द एलिसचा पहिला विषय प्राध्यापकांनी अडवला होता, तर त्याने दुसरा साधा विषय घेऊन 1947 मध्ये कोलंबियातून पीएचडी संपवली.

सगळंच मनाचं असतं असं नाही हां. नोकरी, घर, महिनोन्महिने चॅप्टर न वाचणारे गाइड, हे खरंच असतं. म्हणून नियम माहीत हवेत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांत पीएचडीला जास्तीत जास्त 6 वर्षं, पुन्हा नोंदणी करून आणखी 2, बायकांना त्यावर 2 म्हणजे एकूण 10, शिवाय बाळंतपण-बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा. दर सेमिस्टरला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते, ती चुकवू नका, अडचण बोलायची जागा तीच. तुमची नोंदणी आधीची असेल तर कोणता नियम लागू ते विद्यापीठात विचारा. आणि गाइडला "अजून झालं नाही" हे सांगणारा दोन ओळींचा मेल आजच करा, चॅप्टर व्हायची वाट बघू नका.

तिने माझ्यासमोर बसून 11 कच्ची पानं पाठवली. हात थरथरत होते. रात्री सरांचं उत्तर आलं, ते तिने मला फॉरवर्ड केलं, "मिळालं. टेबल 4 परत बघा. पुढचं कधी देताय?"