गिझर न्हाणीघरात नको : गॅसविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न (नाशिक) : आमचे बाथरूम ४ बाय ६ फुटांचे आहे आणि गॅस गिझर आतल्या भिंतीवरच बसवला आहे. थंडीत दार-खिडकी लावून आंघोळ केली की मुलीचे डोके दुखते, परवा तर भोवळ आली. गॅसचा वास कधीच येत नाही. दवाखान्यात बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन ९८ आहे म्हणाले. हे वाफेमुळे होत असेल का?

उत्तर : वाफेवर ढकलू नका. ही कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची लक्षणे असू शकतात. दार लावून हा गिझर यापुढे एकदाही वापरू नका.

वास येत नाही हा दिलासा नव्हे. सिलिंडरमधल्या गॅसला येणारा उग्र वास मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो, आणि तो गॅस न जळता गळला तरच येतो. तुमच्याकडे गॅस गळत नाही, जळतो आहे, पण अर्धवट. त्यातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

गॅस अर्धवट का जळतो, त्याचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गिझर १० मिनिटांत साधारण १५० ग्रॅम गॅस खातो. एक किलो गॅस पूर्ण जळायला १५ ते १६ किलो हवा लागते, म्हणजे १५० ग्रॅमला जवळपास २ घनमीटर. तुमचे बाथरूम ८ फूट उंच धरले तरी आत सगळी मिळून साडेपाच घनमीटरच हवा. तीन बादल्या भरेपर्यंत एक तृतीयांशाहून जास्त हवेतला प्राणवायू संपलेला असतो आणि जळून झालेली हवा आतच घुटमळत असते. ज्योत तीच हवा पुन्हा ओढते, मग विष वाढत जाते. दुसऱ्या नंबरला आंघोळीला जाणाऱ्याला जास्त त्रास का होतो, तेही यावरून कळेल.

आता बोटाचे यंत्र. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला या दोहोंतला फरक कळत नाही. म्हणून आकडा ९८ दिसू शकतो. खरी तपासणी रक्तातल्या कार्बॉक्सीहिमोग्लोबिनची, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनची. तीही लवकर व्हायला हवी, कारण मोकळ्या हवेत चार-पाच तासांत प्रमाण निम्म्यावर येते. मुलीला पुन्हा त्रास झाला तर 'गॅस गिझर लावून आंघोळ करत होती' हे वाक्य डॉक्टरांना आधी सांगा.

एक्झॉस्ट फॅन लावला की झाले, असे विकणारा सांगेल. दार-खिडकी बंद असेल तर पंखा हवा आणणार कुठून? बाहेरची हवा आत यायला खालच्या बाजूला झरोका नसेल तर तो नुसता फिरत राहतो. खरा उपाय एकच : गिझर ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर न्यायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणायचा. सुरुवातीला तांब्याभर गार पाणी येईल, एवढाच तोटा. बाल्कनीला काचेच्या सरकत्या खिडक्या लावून ती बंद केली असेल, तर तीही बाथरूमच झाली हे ध्यानात ठेवा. गिझर हलवेपर्यंत दार-खिडकी सताड उघडी ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, मगच आत जा. कडी बाहेरून उघडता येईल अशी बसवून घ्या. या विषाने आधी पायांतले बळ जाते, शुद्ध असूनही माणसाला कडीपर्यंत पोचता येत नाही. कोणी पडलेच तर आधी ओढून मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. पाणी मारत, हाका मारत आत थांबू नका.

प्रश्न (कोल्हापूर) : गिझर नुसता टकटक करतो, पेटत नाही. पेटला तर 'भक्' आवाज होतो. आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. एक सेल बदलून पाहिला.

उत्तर : 'भक्' हा आवाज गॅस आधी आला आणि ठिणगी उशिरा पडली याचा. तो चालवून घेऊ नका. नळ आणि गॅसचा कॉक बंद करून पाच मिनिटे हवा खेळू द्या, मगच पुन्हा प्रयत्न करा.

एकच सेल बदलण्यात अर्थ नाही. दीड व्होल्टचे दोन्ही मोठे सेल एकदम बदला, शक्यतो अल्कलाइन, आणि डबीतल्या पत्र्यांवर हिरवट-पांढरी बुरशी असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा. त्यानेही आवाज गेला नाही तर ठिणगीची काडी वाकलेली किंवा काजळलेली असेल किंवा बर्नरमध्ये कोळिष्टके असतील. ते काम मेकॅनिकचे.

टकटक होऊनही ज्योत धरत नसेल तर गॅसची बाजू पाहा : सिलिंडर संपत आलाय का, कॉक अर्धवट उघडाय का. टकटकही होत नसेल आणि सेल नवे असतील तर दोष पाण्याकडे. पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा फुगतो, तो पिन ढकलतो, तेव्हा कुठे स्विच लागतो. बहुतेक गिझरना दोन-अडीच मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याइतका दाब लागतो. वरच्या मजल्यावर टाकीचा तळ शॉवरच्या जेमतेम वर असतो, त्यामुळे टाकी निम्मी झाली की गिझर रुसतो. घड्याळ लावून मोजा. मिनिटाला अडीच-तीन लिटरही पाणी पडत नसेल तर आधी पाणी येण्याच्या नटमागची छोटी जाळी काढून धुवा, बहुधा त्यात वाळू असते. तरी धार वाढली नाही तर छोटा प्रेशर पंप किंवा टाकी उंच करणे. पेटून चार-पाच सेकंदांत विझत असेल तर ज्योत ओळखणारी दुसरी काडी काजळली आहे.

बोअरचे पाणी असेल तर तांब्याच्या नळीत क्षार बसतो. उकळल्यासारखा खडखड आवाज ही त्याची खूण. मेकॅनिककडून वर्षातून एकदा नळी साफ करून घ्या.

प्रश्न (पुणे) : सोसायटीत पाइप गॅस आला. जुनी शेगडी आणि गिझर तसेच जोडले तर चालेल का?

उत्तर : नाही. पाइपमधला नैसर्गिक गॅस तेवढ्याच आकारमानात कमी उष्णता देतो, शिवाय त्याचा दाब साधारण २१ मिलिबार, तर सिलिंडरमधल्या एलपीजीचा ३० च्या आसपास. म्हणून नैसर्गिक गॅसच्या जेटचे, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या छोट्या तोटीचे, भोक मोठे असते. शेगडीचे जेट कंपनीचा माणूस बदलून देतो. भोक सुईने मोठे करून घेण्याचा जुगाड मात्र नको; ज्योत पिवळी होते, भांडी काळी पडतात, आणि काजळी दिसली की कार्बन मोनॉक्साइडही असणार असे धरून चाला. गिझर जेट बदलून चालत नाही, पाइप गॅससाठी बनवलेलाच घ्या. गाव बदलून पुन्हा सिलिंडरवर आलात तर मोठ्या जेटची शेगडी त्यावर लावणे जास्त धोक्याचे.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : रात्री स्वयंपाकघरात वास आला तर आधी काय करायचे?

उत्तर : दिव्याचे बटण ना लावायचे, ना बंद करायचे, दोन्हीत ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा. एलपीजी हवेपेक्षा जड, ओट्याखाली साठतो. म्हणून नुसती वरची खिडकी पुरत नाही, दारही उघडा. गळती शोधायला साबणाचा फेस लावा, काडी ओढू नका. बहुतेक वेळा दोष सिलिंडरच्या तोंडातल्या रबरी रिंगचा असतो. सिलिंडर घेताना डिलिव्हरीवाल्याकडून ती तपासून घ्या.

प्रश्न (सातारा) : नळी आणि सिलिंडरची मुदत कशी ओळखायची?

उत्तर : केशरी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते; ५ वर्षे झाली की बदला, दिसायला चांगली असली तरी. दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि दोन नळ्यांना मध्ये जोड तर नकोच. सिलिंडरच्या आतल्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्ष असते : ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. ती तारीख उलटून गेलेला सिलिंडर दारातूनच परत पाठवा.